पोलिसांनी परत केलेलं पिस्तूल: जुनं स्मिथ अँड वेसन ५९०६ विकत घेताना, तपासताना आणि चालवताना

अमेरिकेतल्या बंदुकांच्या बऱ्याच दुकानांत काचेच्या कपाटाचा एक कोपरा 'पोलीस ट्रेड-इन' मालाचा असतो. कडा घासून पांढऱ्या पडलेल्या, मुठीवर ओरखडे आणि नव्याच्या निम्म्याच्या आसपास किंमत. एखादं पोलीस खातं नवी पिस्तुलं घेतं तेव्हा जुनी वितरकाला परत देऊन तेवढी रक्कम बिलातून वळती करून घेतं. वितरक तो सगळा गठ्ठा दुकानांना विकतो. म्हणून एकाच बनावटीची शेकडो पिस्तुलं एकदम बाजारात येतात आणि काही महिन्यांत संपतातही.

या लाटा का येतात हे ठाऊक असलं तर खरेदी सोपी जाते. १९८० च्या दशकात खात्यांनी रिव्हॉल्व्हर सोडून पिस्तुलं घ्यायला सुरुवात केली. १९८६ साली मायामीत एफबीआयच्या दोन एजंटांचा चकमकीत मृत्यू झाला. त्यानंतर जास्त ताकदीच्या काडतुसाचा शोध सुरू झाला आणि त्यातून १९९० मध्ये .४० एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसनचं .४० इंची काडतूस) बाजारात आलं. पुढची पंचवीसेक वर्षं बहुतेक खाती .४० वर होती. मग २०१५ च्या आसपास एफबीआयच पुन्हा ९ मिलिमीटरकडे वळली, खाती मागोमाग गेली, आणि ग्लॉक कंपनीची .४० ची ग्लॉक २२ पिस्तुलं ढिगाने दुकानात आली. आज स्वस्तात ट्रेड-इन हवं असेल तर ग्लॉक २२ सर्वांत सहज मिळतं, आणि ते चांगलंही असतं. तरी मी इथे लिहिणार आहे ते त्याच्या आधीच्या पिढीबद्दल: स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ५९०६. पूर्ण स्टेनलेस स्टीलचं, ९ मिलिमीटरचं, किलोभराहून थोडं जड. .४० पेक्षा झटका कमी, काडतूस स्वस्त, आणि चाप कसा ओढायचा ते शिकवायला याच्याइतकं कडक पिस्तूल क्वचित मिळेल.

आधी तुमचा व्हिसा बघा

मराठी वाचकाने पिस्तुलाआधी हा भाग वाचावा. एच-१बी, एल-१, एफ-१ अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेलं पिस्तूलही यात आलं. 'ऑफिसची टीम गेली होती, मीही चार गोळ्या झाडल्या' हे वाक्य एच-१बीवाल्याने सहज बोलण्यासारखं नाही. कायद्यात काही अपवाद आहेत. राज्याचा शिकारीचा वैध परवाना हा त्यातला सर्वांत जास्त ऐकू येणारा. पण ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत असताना इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. दोनशे-चारशे डॉलरची फी इथे वाचवायची नसते.

ग्रीन कार्डधारक आणि नागरिक कायद्याने घेऊ शकतात. ग्रीन कार्डावर असाल तर कार्ड, तुमचा यूएससीआयएस क्रमांक आणि त्या राज्यातला पत्ता असलेलं ओळखपत्र लागतं. परवानाधारक दुकानदाराकडून पिस्तूल घ्यायला फेडरल कायदा २१ वर्षं वय मागतो. दुकानात फॉर्म ४४७३ भरायचा, त्यावरून एफबीआयची एनआयसीएस (पार्श्वभूमीची) तपासणी होते. उत्तर कधी पाच मिनिटांत येतं, कधी 'डिलेड' म्हणून काही दिवस लागतात. आपली नावं लांब, त्यातही मधलं नाव कुठे वडिलांचं तर कुठे गाळलेलं. त्यामुळे कार्डावर आणि लायसन्सवर नाव एकसारखं आहे ना, हे आधीच पाहून घ्या.

त्या फॉर्मवरच्या दोन प्रश्नांपाशी थांबून वाचा. 'हे पिस्तूल तुम्ही स्वतःसाठीच घेताय का?' दुसऱ्याच्या पैशाने दुसऱ्यासाठी घेणं हा गंभीर गुन्हा आहे, मग तो दुसरा सख्खा मित्र का असेना. आणि गांजाचा प्रश्न: तुमच्या राज्यात गांजा कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात तो नाही, आणि हा फॉर्म फेडरल आहे. घरात कोणी एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा किंवा मुलांचा व्हिसा) असेल तर तिजोरीची किल्ली किंवा आकडा त्या व्यक्तीकडे असू नये.

मग राज्याचा कायदा. टेक्सासमध्ये वेगळा खरेदी परवाना नाही. न्यू जर्सीत प्रत्येक पिस्तुलासाठी आधी पोलिसांकडून परमिट काढावं लागतं, आणि मॅगझीनमध्ये (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) १० हून जास्त काडतुसं चालत नाहीत. ५९०६ चं मूळ मॅगझीन १५ चं असतं, म्हणजे तिथल्या एडिसनमध्ये राहणाऱ्याने १० चं मॅगझीन मिळेल याची खात्री करूनच पिस्तूल घ्यावं. इलिनॉयमध्ये एफओआयडी कार्ड (बंदूक मालकाचं ओळखपत्र) लागतं, पण पिस्तुलाच्या मॅगझीनची मर्यादा १५ काडतुसांची आहे, त्यामुळे मूळ मॅगझीन नेमकं बसतं. कॅलिफोर्नियात दुकानदार फक्त राज्याच्या यादीतली पिस्तुलं विकू शकतो. यादीबाहेरचं जुनं पिस्तूल तिथे बहुधा खाजगी मालकाकडून, दुकानदारामार्फतच हस्तांतर करून मिळतं. कायदे बदलत राहतात. घेण्याच्या आठवड्यात राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा. मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या अनुभवावर विसंबू नका.

आकड्यात काय दडलंय

स्मिथ अँड वेसनने १९५० च्या दशकात मॉडेल ३९ काढलं. १९६७ मध्ये इलिनॉय स्टेट पोलिसांनी ते घेतलं, आणि सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल स्वीकारणारं ते अमेरिकेतलं पहिलं मोठं राज्य पोलीस दल ठरलं. त्याच वंशातली तिसरी पिढी १९८० च्या दशकाच्या शेवटी आली. कॅलिफोर्निया हायवे पॅट्रोलने ४००६ घेतलं, कॅनडाच्या आरसीएमपीने ५९४६.

या पिढीचे चार आकडे वाचायला शिका. पहिले दोन जात सांगतात: ५९ म्हणजे ९ मिलिमीटरचं मोठं, दुहेरी रांगेच्या मॅगझीनचं, ६९ म्हणजे त्याचं आखूड भावंड, ४० म्हणजे .४०, ४५ म्हणजे .४५. तिसरा आकडा यंत्रणा सांगतो: ० असेल तर सेफ्टी-डीकॉकरवालं (गोळी न झाडता हॅमर, म्हणजे मागचा हातोडा, खाली उतरवणारी कळ असलेलं) नेहमीचं, ४ असेल तर फक्त डबल अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीला लांब आणि जड चाप. शेवटचा आकडा धातू: ६ म्हणजे पूर्ण स्टेनलेस, ३ म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम (पिस्तुलाचा खालचा सांगाडा) आणि स्टेनलेस स्लाइड (वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग), ४ म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि काळी कार्बन स्टीलची स्लाइड. दुकानदार ५९४६ ला 'तेच ते' म्हणून पुढे करेल. ते तेच नाही. शिकायला ५९०६ घ्या.

तपासणी

पोलिसांचं पिस्तूल कमरेला खूप फिरतं, पण गोळ्या त्या मानाने कमी झाडतं. बरेच शिपाई वर्षातून मोजक्या वेळा पात्रता चाचणीपुरतेच रेंजवर जातात. म्हणून बाहेरचे ओरखडे, होल्स्टरने घासलेलं तोंड, गाडीच्या दारावर आपटल्याच्या खुणा याकडे फार लक्ष देऊ नका. त्या ओरखड्यांमुळेच तर किंमत उतरलेली असते. थकतात त्या स्प्रिंगा, मॅगझीन आणि अंधारात चमकणारी नेमाची साधनं.

ऑनलाइन घेतलं तर पिस्तूल थेट घरी येत नाही, तुमच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानात येतं. तिथे फॉर्म भरण्याआधी हातात घेऊन बघण्याचा आग्रह धरा. एकदा हस्तांतर झालं की परत करणं अवघड.

दुकानदाराची परवानगी घेऊन, मॅगझीन बाहेर काढून, स्लाइड मागे ओढून, चेंबर (नळीच्या मागची काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामं असल्याची खात्री करून पुढे जा. प्रत्येक वेळी, प्रत्येकाने, अगदी आत्ताच समोरच्याने बघितलं असलं तरी.

नळीत उजेड टाकून बघा. आटे स्पष्ट दिसायला हवेत. गंजाचे खड्डे नकोत. नळीच्या भिंतीवर गोल काळी सावली दिसली तर आत गोळी अडकलेली असताना दुसरी झाडली गेली असण्याची शक्यता असते; असं पिस्तूल तिथेच ठेवून द्या. मग तोंडाची कड आणि स्लाइडच्या आतल्या बाजूला फायरिंग पिनचं (काडतुसावर आदळणारी सुई) छिद्र तपासा. काठ झिजलेले, खरवडलेले नसावेत. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची ५९०३ किंवा ५९०४ असेल तर स्लाइड सरकते त्या रुळांवर आणि स्लाइड स्टॉपच्या (स्लाइड मागे अडकवून ठेवणारी कळ) छिद्राभोवती भिंगाने तडा शोधा. स्टीलच्या ५९०६ मध्ये तो सहसा नसतो. प्लास्टिकची एकसंध मूठ खालच्या टोकाला चिरलेली असते बऱ्याचदा. ती बदलता येते, पण किमतीत दहा-वीस डॉलर कमी करून मागायला हरकत नाही.

पेन्सिलची चाचणी ही माझ्या मते सगळ्यात उपयोगी, आणि दुकानातही करता येते. पिस्तूल रिकामं असल्याची पुन्हा खात्री करा. रिकामं मॅगझीन घाला, कारण ५९०६ मॅगझीनशिवाय गोळी झाडत नाही. तशी सोयच आहे त्यात. स्लाइड मागे ओढा; रिकाम्या मॅगझीनमुळे ती मागेच अडकेल, मग स्लाइड स्टॉप दाबून पुढे सोडा म्हणजे हॅमर मागे राहील. तोंड वर करून, खोडरबर खाली ठेवून, पेन्सिल नळीत सोडा. आता डीकॉकर खाली दाबा: हॅमर पडेल, पेन्सिल हलता कामा नये. डीकॉकर खालीच असताना चाप ओढा: हॅमरने हालचाल करता कामा नये. डीकॉकर वर करून चाप लांब ओढा: हॅमर मागे जाऊन पडेल आणि पेन्सिल उडाली पाहिजे, नीट उडाली पाहिजे, अर्धा इंच उचलून बसली तर स्प्रिंग थकली आहे किंवा फायरिंग पिनच्या वाटेत जुनं घट्ट तेल साचलंय. शेवटी मॅगझीन काढून चाप ओढा: पेन्सिल उडता कामा नये. यातली एक चाचणी जरी चुकली तरी ते पिस्तूल बंदूकदुरुस्तीवाल्याकडे जाईपर्यंत गोळी घालून चालवायचं नाही. काही खात्यांनी खास ऑर्डरने मॅगझीनशिवाय गोळी न झाडण्याची सोय नसलेली पिस्तुलंही घेतली होती, म्हणून मॅगझीनची चाचणी चुकली तर आधी दुकानदाराला विचारा.

रात्रीच्या नेमाचे हिरवे ठिपके बहुधा विझलेले असतात. त्यांत ट्रिटियम असतं आणि त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, १९९० च्या दशकातल्या ठिपक्यांकडून उजेडाची अपेक्षा करू नका. दिवसाउजेडी रेंजवर काही अडत नाही. पुढच्या माशीवर (नळीच्या टोकाकडचा नेमाचा उंचवटा) केशरी रंगाचा एक थेंब पुरतो.

किंमत? चांगल्या ५९०६ साठी साधारण ३५० ते ५०० डॉलर मी योग्य मानतो. वर दुकानदाराची हस्तांतराची फी वेगळी, आणि १०० डॉलर बाजूला ठेवा. ते पैसे लगेच लागणार आहेत.

घरी आल्यावर, पहिली गोळी झाडण्याआधी

खात्याच्या शस्त्रागारातून आलेल्या पिस्तुलात बऱ्याचदा डिंकासारखं घट्ट झालेलं तेल असतं. पूर्ण उघडून साफ करा. डोळ्यांवर चष्मा, खोलीत काडतुसं नाहीत, मुलं नाहीत.

मॅगझीन काढा, चेंबर तपासा. स्लाइड हळूहळू मागे न्या. डाव्या बाजूची खाच स्लाइड स्टॉपच्या बरोबर वर आली की उजव्या बाजूने डोकावणारं त्या पिनचं टोक दाबा आणि डावीकडून स्लाइड स्टॉप ओढून घ्या. आता स्लाइड पुढे सरकवली की सुटी होते. रिकॉइल स्प्रिंग (गोळी सुटल्यावर स्लाइड पुन्हा पुढे ढकलणारी) ताणाखाली असते, ती बोटाने धरून काढा. छताला उडालेली स्प्रिंग कपाटामागेच जाऊन पडते. मग नळी बाहेर येते. घरच्या सफाईला एवढं पुरे. फ्रेमच्या आतलं यंत्र आणि स्लाइडमधला फायरिंग पिनचा भाग बंदूकदुरुस्तीवाल्यावर सोपवा. एकदाच पैसे द्या, तो स्वच्छ करून देईल.

नळीला सॉल्व्हंट लावून पंधरा मिनिटं थांबा, ब्रश चेंबरच्या बाजूने घाला, मग स्वच्छ चिंध्या फिरवा. एक्स्ट्रॅक्टरच्या (झाडलेल्या काडतुसाचं टरफल ओढून काढणारा भाग) नखाखाली टूथपिकने खरवडा. तिथला मळ काढला की रिकामं टरफल अडकण्याच्या निम्म्या तक्रारी संपतात. तेल अगदी थोडं: रुळांवर, नळीच्या बाहेरच्या चकाकत्या भागावर, बस. स्टेनलेस आहे म्हणून गंजत नाही असं नाही. ह्यूस्टनच्या दमट हवेत, घामाच्या हातांनी, तेही गंजतं.

जोडताना नवखे अडतात ती एक जागा आहे. फ्रेमच्या मागच्या भागात इजेक्टर (टरफल बाहेर फेकणारा भाग) आणि छोट्या पट्ट्या वर डोकावतात. स्लाइड मागे सरकवताना त्या बोटाने खाली दाबून ठेवाव्या लागतात. स्लाइड अडकली तर जोर लावू नका. कोणती पट्टी उभी राहिली आहे ते बघा.

आता ते १०० डॉलर. पहिली खरेदी नवी रिकॉइल स्प्रिंग, वुल्फ कंपनीची, मूळ ताकदीचीच. जास्त ताकदीची घेऊ नका, साध्या काडतुसाने स्लाइड पुरती मागे जाणार नाही. दुसरी खरेदी दोन नवी मॅगझीन. मेक-गार अजून ५९ मालिकेची बनवते. पिस्तुलाबरोबर आलेल्या जुन्या मॅगझीनच्या ओठांना वाक असेल किंवा स्प्रिंग ढिली असेल तर ती सरावालाही नकोत. काडतूस वेडंवाकडं अडकलं की माणूस पिस्तुलाला दोष देतो, आणि दोष बहुधा मॅगझीनचा असतो. कंपनीने ही पिढी केव्हाच बंद केली आहे, त्यामुळे सुट्या भागांचा प्रश्न दरवर्षी थोडा अवघड होत जाणार. ग्लॉक २२ ची बाजू इथे नक्कीच भक्कम आहे. पिस्तूल आवडलं तर एक जास्तीची स्प्रिंग आणि एक एक्स्ट्रॅक्टर आत्ताच घेऊन ठेवा.

रेंजवर

डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे आणि वर कानटोप्या, दोन्ही. बंदिस्त रेंजवर शेजारच्या मार्गिकेतली रायफल कान सुन्न करते. काडतुसं कारखान्यात भरलेली, ११५ किंवा १२४ ग्रेन वजनाच्या गोळीची, फुल मेटल जॅकेट (पूर्ण धातूचं आवरण असलेली). बऱ्याच रेंजवाले चुंबक लावून बघतात. स्टीलची गोळी चालत नाही. अनोळखी माणसाने घरी भरलेली काडतुसं अजिबात नकोत. +पी (जास्त दाबाची) काडतुसंही टाळा. ३५,००० ऐवजी ३८,५०० पीएसआय दाब तीस वर्षांच्या स्प्रिंगांवर रोज टाकायचं कारण नाही.

पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच काडतूस. झाडा, स्लाइड मागे अडकली का बघा. मग दोन. दोन एकदम सुटल्या तर पिस्तूल रिकामं करून थेट दुरुस्तीला. दोनाची पाच, पाचाची दहा. हे सोपस्कार पाच मिनिटांचे आहेत आणि जुन्या पिस्तुलाला ते चुकवायचे नाहीत.

गोळी सुटली नाही तर तोंड लक्ष्याकडेच ठेवून मनात तीसपर्यंत मोजा, मगच स्लाइड ओढा. 'ठो' ऐवजी 'फुस' असा आवाज आला तर लगेच थांबा: गोळी नळीत अडकली असू शकते. मॅगझीन काढा, रेंजवाल्याला हाक मारा.

आता चाप. ५९०६ चा पहिला ओढा लांब आणि जड, पुढचे छोटे आणि हलके. नवखा माणूस सगळा सराव छोट्या ओढ्यावर करतो आणि प्रत्येक मॅगझीनची पहिली गोळी खाली डावीकडे जाते. यावर उपाय कंटाळवाणा आहे: सात यार्डावर लक्ष्य लावा, एक गोळी झाडा, डीकॉकर दाबून हॅमर उतरवा, डीकॉकर पुन्हा वर करा, पुन्हा एक झाडा. अशा पन्नास गोळ्या. नजर पुढच्या माशीवर, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल. चाप थांबत-थांबत नको, एका सरळ ओढीत मागे. पन्नासाव्या गोळीपर्यंत बोट दुखेल, पण लक्ष्यावरच्या छिद्रांचा समूह निम्म्यावर येतो. हा सराव घरी स्नॅप कॅप (सरावाची नकली काडतुसं) घालूनही होतो, मॅगझीन आत असायला हवं एवढंच.

दोन सवयी सुरुवातीलाच लावून घ्या. स्लाइड वरून मुठीत धरून ओढताना सेफ्टी नकळत खाली जाते. मग चाप ओढून काहीच होत नाही आणि माणूस पिस्तूल बिघडलं समजतो. आणि डावा अंगठा स्लाइड स्टॉपवर टेकू देऊ नका, नाहीतर शेवटच्या गोळीनंतर स्लाइड मागे अडकणार नाही.

परतताना हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवा, मगच काही खा. काडतुसांच्या प्रायमरमध्ये (बुडाची, ठिणगी पाडणारी टोपी) शिसं असतं, बंदिस्त रेंजची धूळ बुटांना लागून घरी येते. घरात रांगतं बाळ असेल तर बूट दाराबाहेर, कपडे सरळ धुण्यात. आणि सफाई डायनिंग टेबलवर नको.

ठेवणं आणि नेणं

घरी पिस्तूल कुलुपबंद तिजोरीत, काडतुसं वेगळी. पाहुणे, मुलांचे मित्र, गणपतीला भरलेलं घर: कपाटाच्या वरच्या फळीवरच्या पेटीला सुरक्षित म्हणायचं नाही. मालिका क्रमांकाचा फोटो आणि बिल वेगळं ठेवा. कुठली स्प्रिंग कधी बदलली ते एका चिठ्ठीवर लिहून तिजोरीत टाका.

एका राज्यातून दुसऱ्यात गाडीने जाताना पिस्तूल रिकामं, कुलुपबंद पेटीत, डिकीत. १९८६ च्या फेडरल कायद्याने वाटेतल्या राज्यातून जाण्याला संरक्षण दिलंय, पण दोन्ही टोकांना तुमच्याकडे ते असणं कायदेशीर असेल तरच, आणि वाटेत मुक्काम टाकला तर वाद उभा राहतो. विमानात फक्त चेक-इन सामानात, रिकामं, कुलूप लावलेल्या कडक पेटीत, काउंटरवर सांगून.

भारतात मात्र काहीच न्यायचं नाही. ९ मिलिमीटर तिथे प्रतिबंधित बोअर (नळीचा व्यास) मानलं जातं. खरी पंचाईत काडतुसाची होते. परदेशातून आलेल्या माणसाच्या बॅगेच्या अस्तरात विसरलेलं एखादं काडतूस मुंबई किंवा दिल्लीच्या विमानतळावर एक्स-रेमध्ये दिसतं आणि १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जातो. काडतूस जाणूनबुजून जवळ ठेवलं होतं का, हे न्यायालय पुढे पाहतं. तोवर सुट्टी पोलीस ठाण्यात आणि वकिलाकडे जाते. म्हणून रेंजसाठी वेगळी बॅग घ्या, तीही प्रवासाला न चालणाऱ्या आकाराची. रेंजला घातलेलं जाकीट भारतात नेणार असाल तर आधी त्याचे सगळे खिसे उलटे करा, आणि भरलेल्या सुटकेसचं अस्तर चेन उघडून हाताने चाचपा, निघायच्या आदल्या दिवशी.